बंद गल्लीतला ट्रक

नाही, ते ग्लास नको गं वेगळे करू. राहू देत एकमेकांना टेकलेले. मुद्दाम ठेवलेत तसे – टेबल कसं मांडायचं त्या व्हिडिओत नव्हते, ही माझी आपली पद्धत, सांगते नंतर. तू बस ना, ऋचा. त्या खुर्चीवर नको, ती श्रीनाथची – म्हणजे नाव नाही कोरलेलं, पण तिचा पाय कुरकुरतो आणि मी दचकते. हां, तिथे बस. आणि तू इंग्लिशमध्ये बोललीस तरी चालेल, श्रीनाथ म्हणाला मला, तिला मराठी सगळं कळतं, फक्त बोलत नाही. सगळं कळून न बोलणाऱ्या माणसाची मला जरा भीतीच वाटते, पण ते असो. तू पाहुणी आहेस. माझ्या भावाची – काय म्हणायचं ते म्हणू – पहिल्यांदा घरी आलीयेस, तेही ईस्टरला, म्हणजे तुझ्या सणाला. म्हणून हे सगळं.

हसू नकोस. तू हसलीस, मी पाहिलं. टेबलक्लॉथ चुरगळलेला दिसतोय म्हणून ना? अगं, आधी कडक इस्त्री केली त्याला, मग व्हिडिओतली बाई म्हणाली रिलॅक्स्ड टेबल हवं, घरातल्या घरात वसंतातलं साधं जेवण, कापड असं सहज टाकल्यासारखं दिसलं पाहिजे – तर मी परत हाताने चुरगाळला. तीन वेळा. सहज दिसेना. पहाटेपासून राबतेय टेबल सहज दिसावं म्हणून. अंडी बघ – ती पिवळी हळदीची, गुलाबी बिटाची, तपकिरी कांद्याच्या सालीची. डॅफोडिल्स मात्र कुठेच मिळाली नाहीत. दुकानातली मुलगी माझ्याकडे बघत राहिली, म्हणाली, एप्रिलमध्ये? मग लक्षात आलं, ती बाई इंग्लंडची, तिचा वसंत आणि आपण पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, इथे पानं गळतायत. मग शेजारच्यांच्या कुंपणावरून वाकलेले फिजोआ, हे हिरव्या पेरूसारखे, घेतले – विचारून घेतले हं – आणि ही शेवंती. आमच्याकडे शेवंती देवाला. इथे तुझ्या देवाला. चालतं ना? तुझी आजी नगरची, श्रीनाथ सांगत होता, पहाटे चर्चमधून आल्यावर तुमच्याकडे मटणाचा रस्सा आणि स्टीलची ताटं – आणि मी इथे नॅपकिनचे ससे करत बसलेय. ते आधी सांगितलं असतं त्याने, तर मी रस्साच केला असता. पण तो हल्ली काही सांगत नाही.

तू सारखी घड्याळाकडे का बघतेयस? बघतेयस, मघापासून. मलाही दिसतंय किती वाजलेत. दीड वाजत आला. एकची वेळ दिली होती, तू पावणेएकला दारात, चांगल्या घरातल्या मुलीसारखी, आणि तो? शिफ्ट बाराला संपते. हॉर्नबीतल्या गोडाऊनपासून इथवर गाडीने किती वेळ लागतो? काही नाही लागत. बोलू दे मला आधी. फोन करून बघ म्हणतेस, हो ना? माझा फोन बेडरूमच्या खणात बंद करून ठेवलाय. त्याला शब्द दिलाय मी. त्याचं काय आहे, फोनवर नकाशात त्याचा तो निळा ठिपका दिसतो – तो कुठे आहे ते – आणि मी तो बघते. बघायचे. दर – बरं, बऱ्याचदा. परवा चिडला. म्हणाला, ताई, मी पार्सल आहे का? म्हणून आज सकाळपासून नाही बघितला. तू नको दाखवूस, तुझ्या फोनवर असेल तो ठिपका. असेलच. तुझ्यावर तो चिडत नसेल.

खरं सांगू? मला वाटतं तो येणारच नाहीये. तुला पुढे पाठवलंय. तू ती फॉइल लावलेली डिश घेऊन दारात उभी राहिलीस, एकटी, तेव्हाच ओळखलं मी. एकत्र येणार होतात ना? मग ही एकटी का? बातमी सांगायला माणूस एकटाच येतो. आमच्याकडे तरी तसंच असतं.

कसली बातमी म्हणून काय विचारतेस. त्याला तिकडे दूर उत्तरेला, हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागातल्या डेअरी फॅक्टरीत नोकरी मिळतेय. मला कोणी सांगितलं नाही, माझं मला कळलं. कसं कळलं, ऐक. गेल्या सोमवारी मला म्हणाला, ताई, इकडे ये, हा घराचा मेन स्विच. मी म्हटलं बरं. बुधवारी परत, हा गॅसचा कॉक, असा फिरवायचा. मग स्मोक अलार्मची बॅटरी – मला स्टुलावर चढवून बदलायला लावली, स्वतः खाली उभा. टॉर्च माझ्या उशाशी आणून ठेवला. मग कचऱ्याचे डबे, लाल झाकणाचा बाहेर कधी ठेवायचा, पिवळ्या झाकणाचा कधी. आता सांग, घरात राहणारा माणूस असं शिकवतो का कोणाला? असं शिकवतो जाणारा माणूस. आमची आई हॉस्पिटलमध्ये ॲडमिट व्हायच्या आधी असंच करत होती. डबे दाखवत होती. यात तीळ, यात खसखस. मी तेव्हा काही ओळखलं नाही. आता नाही फसणार.

आणि मी काही त्याला अडवत नाही हं. जावं त्याने. हॅमिल्टनला जावं, तुझ्याबरोबर जावं. तू नर्स आहेस, तुला तिकडच्या हॉस्पिटलमध्ये सहज मिळेल काम. मी शिकलेली बाई आहे, पुण्यात फार्मसी केलीय, इथली परीक्षा झाली की माझं पण सगळं सुरळीत. नोव्हेंबरमध्ये आले, हा काय एप्रिल, किती दिवस भावाच्या आधाराने राहायचं माणसाने? एवढंच की – तुला म्हणून सांगते, त्याला नको सांगूस – मला या घरात एकटीला झोप नाही लागत. तो रात्रपाळीला असला की मी दिवा लावून सोफ्यावर बसून राहते. चोराची भीती नाही. जमीन हलते त्याची.

हे ग्लास त्यासाठी. आता कळलं? एकमेकांना टेकून ठेवले की जरा काही हललं तर किणकिणतात, आधी कळतं. रात्री स्वयंपाकघरात तसेच ठेवते, रांगेने. तुमच्यासाठी हे काहीच नाही, तुम्ही इथे जन्मलात, तो मोठा भूकंप झाला तेव्हा शाळेत होतात आणि टेबलाखाली शिरलात, मला माहितीय. मी मात्र पहिल्यांदा किणकिणले तेव्हा अनवाणी रस्त्यावर गेले होते. मग श्रीनाथ आला, पांघरूण अंगावर तसंच, आणि म्हणाला, ट्रक गेला, ताई. नुसता ट्रक गेला, झोप. तेव्हापासून दर वेळी तेच. मी ओरडले की त्याच्या खोलीतून आवाज येतो, ट्रक गेला, ताई. आणि मी झोपते. बंद गल्ली आहे ही, ऋचा. आमच्या पुढे दोन घरं आणि कुंपण. इथे कुठला ट्रक येणार? मला माहितीय. त्यालाही माहितीय मला माहितीय. पण म्हणणारं माणूस हवं ना कोणीतरी.

ही नोकरी, ही हॅमिल्टनची – मी देवाला म्हटलं सुद्धा, त्याला नाही मिळाली तरी – नाही. नाही म्हटलं मी तसं. तू काही ऐकलं नाहीस.

आता काय झालं? कुठे उठलीस? बस, मी वाढते तुला, ईस्टरचे बन गार झालेत – अगं ते घड्याळ का काढतेयस? पुण्याहून आणलंय ते, पडेल. काटा का फिरवतेस मागे? थांब. परत सांग. हळू. घड्याळं तासभर मागे? उन्हाळा संपला म्हणून? कोणी केली? रात्री झोपेत, सगळ्या देशाची? आणि फोन आपोआप – हो, माझा खणात आहे. म्हणजे आत्ता – साडेबारा? साडेबारा वाजतायत फक्त?

बघ. मेन स्विच दाखवला, गॅस दाखवला, कचरा दाखवला, आणि हे सांगायला विसरला. सगळ्या जगाला एक तास परत मिळाला आणि मी तो तुझ्याशी बोलून संपवला.

म्हणजे त्याला उशीर नाही झालेला. आत्ता निघाला असेल. येईल एकला.

पण मग तू... तू पावणेएकला नाही आलीस. पावणेबाराला आलीस. तुला तर घड्याळ माहीत होतं. सव्वा तास आधी आलीस, मुद्दाम, तो नसताना. आणि मघापासून तीनदा तोंड उघडलंस काहीतरी सांगायला, मी बोलू दिलं नाही. नको, आता नको बोलूस. मी ससे नीट करते. हा कान पडलाय बघ याचा, नॅपकिनला स्टार्च हवा होता, त्या बाईने सांगितलं नाही –

ऐकलंस? ग्लास. ग्लास वाजतायत. अगं वाजतायत, ऋचा, अंडी हलतायत ताटलीत, दार कुठे, दारात उभं राहायचं की टेबलाखाली, तो काय म्हणाला होता, टेबलाखाली –

काय?

काय म्हणालीस? ट्रक गेला?

थांबलं. थांबलं ना? हो, थांबलं. हात नको सोडूस अजून.

मराठीत म्हणालीस तू. तुला बोलता येत नाही ना मराठी? त्याने शिकवलं. बरोबर त्याच्याच सुरात शिकवलंय, 'ताई'च्या आधी जरा थांबून. किती वेळा म्हणून घेतलं तुझ्याकडून? म्हणजे तो जाणार. आणि तू – तू नाही जाणार इतक्यात. तू इथे त्याच्या खोलीत... हेच सांगायला आली होतीस. हो की नाही, मान हलवू नकोस, कळलं मला. माणूस जाताना टॉर्च ठेवतो, बॅटरी ठेवतो. हा माणूस ठेवून चाललाय.

गाडी आली बघ. तोच असेल, फाटकाचा आवाज त्याचाच. डोळे पूस तुझे. तू मला काही सांगितलं नाहीस, मी काही ओळखलं नाही, त्याला सांगू दे, त्याचं त्याला सांगू दे. जा, दार उघड. आणि जाता जाता ती कुरकुरती खुर्ची इकडे सरकव – नाही, त्याच्यासाठी नाही. तू बस तिच्यावर.