दोन्हीकडं पाचच

(गावातल्या शाळेचा व्हरांडा, प्रार्थनेआधी. विज्ञान शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडम, आठवीतली शिवकन्या आणि तिची आई सखूबाई.)

शिवकन्या : ...मग आईनं भाकरी थापली, सुती साडी नेसली, जोडवी काढून डब्यात ठेवली. फटाक्याच्या शेडात धातू चालत नाही ना, मॅडम. रोजच्यासारखंच सगळं. येताना शेडावरनं आलो, तिथं नवं पोतं उतरलेलं. त्याच्यावरचं सूत्र घेतलं मी गृहपाठाला.

राजेश्वरी : वाच बघू.

शिवकन्या : KClO₃. सी मोठा, एल लहान, म्हणून दोन्ही मिळून एकच अणू. के एक, सीएल एक, ओच्या खाली तीन. झाले पाच!

सखूबाई : घरात च्यात साखर किती घालायची ते कळंना, अन् अणू मोजती बघा.

राजेश्वरी : मोजणी अचूक आहे. पण शेडात फटाक्याच्या दारूसाठी सोरा येतो ना?

शिवकन्या : हा सोराच आहे, मॅडम. सोऱ्याचं सूत्र तुम्हीच शिकवलं, KNO₃. तेही पाचच. दोन्हीकडं पाच.

सखूबाई : मालक म्हनले, नवा माल हाय, सोऱ्यावानीच गंधकासंगं घोटा. बायका बिचकत व्हत्या, पोतं निराळं दिसतंय म्हनून. मग हिनं बोटावर मोजून दावलं, तवा समद्यांचं समाधान झालं.

राजेश्वरी : घोटलं का?

सखूबाई : न्हाय अजून. हिला सोडून मी गेले की समद्याजणी मिळून बसायचं. का वो, तोंड का उतरलं तुमचं?

राजेश्वरी : शिवकन्या, पाच आणि पाच सारखे. पण त्या पाचांत कोण कोण आहे?

शिवकन्या : सोऱ्यात के, एन, ओ. एन म्हणजे नायट्रोजन. आणि पोत्यावर... सीएल. क्लोरीन.

राजेश्वरी : नुसती संख्या जुळून चालत नाही. एक अणू बदलला की पदार्थच बदलतो. हा सोरा नव्हे, क्लोरेट आहे. गंधकाबरोबर नुसता घासला तरी पेट घेऊ शकतो. ठिणगीचीसुद्धा गरज नाही.

सखूबाई : मागं आमच्याच शेडात माणिकप्पाची सून भाजून गेली, तवा जवळ आगपेटीबी नव्हती म्हनत व्हते.

राजेश्वरी : ते कशानं झालं, मला सांगता येणार नाही.

शिवकन्या : आई, मीच सांगितलं गं सगळ्यांना. मीच...

सखूबाई : गप. रडू नगं. मॅडम, तुमचा फोन द्या जरा. आमचा घरीच ऱ्हातो, शेडात नेऊ देत न्हाईत... हां, मालक, सखूबाई बोलतीया. ते नवं पोतं आमी घोटनार न्हाय... न्हाय, एक बी बाई बसनार न्हाय... लेकरानं चुकून सांगितलं... बरं. बरं.

राजेश्वरी : काय म्हणाले?

सखूबाई : उद्यापास्नं येऊ नका म्हनले. खालच्या गावच्या बायका जीपनं बोलावल्यात, आत्ताच.

राजेश्वरी : मी तहसीलला कळवते. पोलिसांनाही. पण तिथून कुणी पोचेपर्यंत...

सखूबाई : कळवा तुमी. शिवे, डोळे पूस, वर्गात जा.

शिवकन्या : तू कुठं चाललीस?

सखूबाई : फाट्यावर. जीप तितनंच वळती. रस्त्यात बसते जाऊन.