घरचंच पोरगं

वाटोळं केलं ते माझ्या मामानं. बंडप्पा मामानं, उमरग्यात पाइप-मोटारीचं दुकान असलेल्या सख्ख्या मामानं. उगं 'परिस्थितीनं केलं', 'नशिबानं केलं' असलं गुळमुळीत मी बोलणार न्हाय.

तुम्हाला सांगतो, आमी दोघं, मी आन् शिवकुमार. त्यानं इंजिनिअरिंगची डिग्री यंदा घेतली, म्या तिसऱ्या वर्षाला सोडली, रिकामे मात्र दोघं बी सारखेच. ठरवलं, गावात राहून लोकांच्या वेबसाइट करून द्यायच्या. पण गिऱ्हाईक पहिलं इचारतंय काय, "आधी कुणाची केलीय, दाखवा." आता पहिल्याच्या आधी कुणाची करणार? आई म्हणली, मामाची कर. मामा म्हणला, "कर की, घरचंच पोरगं हाय." म्हंजे फुकट, हे कळलंच आसंल तुम्हाला.

केली. मामा म्हणतोय, मोटारीपेक्षा माझा फोटो मोठा पायजे. केला. फेटा पुरा दिसंना, म्हणून मोटार आणखी बारीक केली. मग म्हणतोय, "गुरलिंगा, सोमवारी दुकान बंद आसतंय, मग साइट चालू कशी? बंडप्पानं सोमवार मोडला म्हणतील लोक." आवो मामा, तिला शटर न्हाय... पण ऐकंल तर मामा कसला? दर सोमवारी मी ती बंद करायचो, मंगळवारी उघडायचो. का? घरचंच पोरगं.

आन् एक काम आलं. खरं काम. हायवेवरच्या दाताच्या दवाखान्याच्या राजेश्वरी मॅडमनी ती साइट बघितली, मंगळवारी बघितली हे नशीब, म्हणल्या, "आवडली. दुकानाच्या मालकांना एक फोन करते, मग सुरू करा." शिवकुमारला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलेलं. तो म्हणला, हे काम मिळालं तर मी जात न्हाय.

फोन आला तवा मी दुकानातच. मामा काय बोलला, ऐका. "कोण, गुरलिंग? आवो कसलं काम आन् कसलं काय, कालेज सोडून बसलंय घरी, बटनं दाबत आसतंय दिवसभर. जमंल तसं केलंय आपलं. तुम्हीच सांभाळून घ्या." फोन ठेवला आन् माझ्याकडं बघून हसला, काम मिळवून दिल्यासारखा.

"मामा, हे काय बोललात तुम्ही?"

"मग? घरच्या पोराची तारीफ आपणच करायची व्हय? शोभतंय का? आन् दृष्ट लागती ती येगळीच."

बघा. सोयरीक जमवताना आपल्यात म्हणतेत, "आमच्या पोरीला काय येत न्हाय बगा." समोरचे समजून घेतेत आन् लाडू खातेत. मॅडम नाशिकच्या. त्यांनी खरं धरलं.

आन् ह्यांना मोठी माणसं म्हणायचं, पाया पडायचं ह्यांच्या. राबवायला पोरगं घरचं, चांगलं म्हणायची येळ आली की बी घरचंच. बाहेरचा कोण टाय घालून आला की मग जीभ कशी सुटती ह्यांची, साहेब, साहेब करत?

मॅडमनी काम सोलापूरच्या कुणाला दिलं. शिवकुमार पुण्याला गेला. मी मामाच्या दुकानात पाइप काढून देतो. गिऱ्हाईक इचारतंय, "नवा गडी का?" मामा म्हणतोय, "छे, घरचंच पोरगं हाय."

म्हंजे काम गेलं, दोस्त गेला. सोमवारी तेवढी सुट्टी आसती. त्या दिवशी साइट बंद करायची आसती.