डबल बेलला उशीर करणारा कंडक्टर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे माननीय आगारप्रमुख साहेब, प्रवासी मंडळाचे आदरणीय नानाजी, मंचावरचे मान्यवर, माझ्या चालक-वाहक बंधू-भगिनींनो आणि वर्कशॉपमधून हात पुसत पुसत आलेल्या मित्रांनो, सर्वांना नमस्कार!

आताच शालिग्रामभाऊ बोलले, की देवानंद चव्हाणसोबत, म्हणजे माझ्यासोबत, ड्यूटी म्हणजे गाडी लेट होणारच. खरं आहे भाऊ. चहाच्या थांब्यावर उतरताना माणसं मोजायची, चढल्यावर पुन्हा मोजायची, दोनदा. तुम्ही स्टिअरिंगवरून ओरडायचे, "अरे बाप्पा, बेल दे ना! काय बारात घेऊन राह्यला का?" मी भांडायचो, पण कारण कधी सांगितलं नाही. आज नोकरी संपली, आता मेमो कोण देणार? सांगून टाकतो.

आमचा तांडा मानोऱ्याजवळ. मी आठ वर्षांचा असताना दसऱ्यानंतर टोळी ऊसतोडीला निघाली. ट्रक दोन. शेलूबाजारला चहाला थांबले, मी भजी पाहत उभा राहिलो. बाप पहिल्या ट्रकात, त्याला वाटलं पोरगं मायजवळ. माय दुसऱ्या ट्रकात, तिला वाटलं बापाजवळ. दोन्ही ट्रक गेले.

मोतीबाई नावाच्या चहावालीनं मला ठेवून घेतलं, जेवू घातलं. तिसऱ्या दिवशी बाप आला. रागावला नाही, नुसतं मनगट धरलं, ते थेट कारखान्यावर जाईपर्यंत सोडलं नाही. त्या माउलीचे आभार मानायचे राहूनच गेले, ते आज मानतो.

साहेब, प्रवाशांचं यात भलंच झालं. माझ्या गाडीतून एकही माणूस मागे राहिला नाही, याचा मला अभिमान आहे. पण घरी काय झालं? माझी मुलगी निता हुशार. नागपूरला नर्सिंगला दोनदा नंबर लागला, दोनदा मी नाही म्हटलं. कारण विचारलं की मी चिडायचो. बापानं माझं मनगट कारखान्यावर पोचल्यावर सोडलं, मी तिचं दोन वर्षं धरून ठेवलं.

यंदा तिसऱ्यांदा नंबर लागला, तेव्हा आजीकडून ट्रकची गोष्ट ऐकलेली ती म्हणाली, "बाबा, तुमाले ट्रकवाले सोडून गेले होते. मले कोणी सोडून नाई राह्यलं, मीच जाऊन राह्यली."

मी तिची बॅग उचलली. स्टँडवर तिला गाडीत बसवलं. गाडी गेली. मी उभा. वाटलं, आता छातीत कळ येते. काही झालं नाही हो! मी पोहे खाल्ले, वरून दुसरी प्लेट घेतली. पन्नास वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

साहेब, आपण आणि सर्वांनी सांभाळून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. रागाच्या भरात कुणाला तोडून बोललो असेन, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि निता, तू आज नागपूरहून एकटी आलीस, मागच्या रांगेत बसली आहेस. तुझी दोन वर्षं माझ्या भीतीपायी गेली. चूक माझी होती. घरात तोंडातून निघालं नसतं, म्हणून माईकवर सांगतो. बापाला माफ कर.

नागपूरची साडेपाचची गाडी फलाटावर लागली असेल. नीघ बाई आता. मी स्टँडवर सोडायला येत नाही.

जय सेवालाल!