अर्धा आटा

—नाही, नाही, दांडा एवढ्या जोरात ओढू नका हो, काडतुसं भरायचं यंत्र आहे ते, विहिरीचा पंप नव्हे. अलगद. हां, असं. एकोणीस वर्षं वापरलंय, पण गंजाचा ठिपका दाखवा. गाडी कुठे लावलीत? माझ्या गाडीच्या मागे? असू दे, मला कुठे जायचंय! का विकतोय म्हणता — सगळे हेच विचारतात. म्हणजे आलात तुम्ही पहिलेच, पण विचारलंत ना. सांगतो. आणि शपथेवर सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे, माझ्या डोळ्यांसमोर घडलेला — म्हणजे मी तेव्हा दोनशे मीटरवर होतो आणि मध्ये झाडी होती, पण खरा. — गाडी वाजली का हो? नाही? दुधाचा टँकर असेल.

तर हेम्मो. माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, सिर्काचा धाकटा भाऊ. आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारख्या रायफली घेतल्या. एकसारख्या दिसायला! आतून दोन रायफली कधी सारख्या नसतात. ही बघा पुंगळी, ही गोळी. गोळी पुंगळीत किती खोल बसवायची, सगळा खेळ तिथे. जास्त बाहेर ठेवली तर नळीच्या घशातल्या खाचांत जाऊन रुतते. मी उन्हाळाभर निशाणावर गोळ्या झाडतो, माझ्या रायफलचा घसा झिजून लांबलाय. हेम्मो वर्षाला दहा झाडेल तर शपथ, त्याचा घसा कोरा. म्हणून त्याची गोळी खोल, माझी बाहेर. त्याच्या खोक्याला निळं झाकण, माझ्या खोक्याला लाल. हो, त्याचीही काडतुसं मीच भरायचो — एकोणीस वर्षं! आणि त्याने पाडले सतरा मूस, ती आमच्या रानातली अजस्र हरणं. मी? मी चार. चार म्हणजे तीन, एक आम्ही दोघांनी मिळून. शेकोटीपाशी सगळे त्याची पाठ थोपटणार, ‘हेम्मो, काय नजर आहे रे तुझी!’ नजर. काडतूस कोणाचं, हे विचारलं कधी कोणी? तुम्ही तरी विचारलं असतंत? — घ्या ना, कॉफी निवतेय.

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळचा हाका संपला, सगळे शेकोटीशी जमले. आमच्या टोळीचा नियम, शेकोटीशी यायचं तर रायफल रिकामी करून. हेम्मो तर आम्हा सगळ्यांचा म्होरक्या, नियमाला पक्का. त्याने बोल्ट मागे ओढला आणि हातात आली नुसती पुंगळी! गोळी नळीतच रुतलेली. दारूचे दाणे भुरूभुरू सांडले — बोल्टवर, पँटवर, लाकडी कपातल्या कॉफीत. सॉसेज भाजणारे हात थांबले. मग काय हसले सगळे! ‘हेम्मो, मिरपूड पुरे रे, एवढं तिखट आम्हाला सोसत नाही!’ मीही हसलो. सगळ्यांत जास्त मीच. गोळी ठोकून काढायचा गज घरी राहिलेला, पण हेम्मो हट्टी, दुपारी ती बुजलेली रायफल घेऊन जागेवर जाऊन उभा. आणि आला की मूस! घोड्याहून उंच, शिंगं म्हणजे दोन दरवाजे. पंधरा पावलांवर थांबला, झाडाला पाठ घासली, हेम्मोच्या पिशवीतलं सँडविच खाल्लं — बरं, नाही खाल्लं सँडविच. पण थांबला. मूस हेम्मोकडे बघतोय, हेम्मो मूसकडे. मग गेला निघून.

संध्याकाळी चौकशी. हेम्मो माझ्याकडे वळला, ‘ओइवा, हे कसं झालं?’ मी म्हटलं, सिर्काने फळी पुसताना झाकणांची अदलाबदल केली असणार. झालं! सगळे पुन्हा हसले, पण हेम्मो नाही. घरी येऊन त्याने बहिणीला उभ्याउभ्या सुनावलं, ‘नळी फुटून माझे डोळे गेले असते म्हणजे?’ आता फुटली वगैरे नसती हो, मी व्हर्नियर लावून दोनदा मोजलं होतं, तेवढ्याने नुसती अडकते — म्हणजे नंतर मोजलं. नंतर. साखर घ्या.

तेव्हापासून हेम्मोने टोळी सोडली. अकरा महिने झाले, भाऊबहिणीत शब्द नाही. आमचा फोन उचलत नाही तो. आणि सिर्का? ती म्हणते, ‘आठवत तर नाही रे, पण फळी पुसली होती खरी. केली असेल मीच.’ तिला स्वतःलाच पटलंय! तिचंच म्हणणं, यंत्र घरात नको, ‘मी परत काही घोळ घालीन आणि कुणाचा तरी जीव जाईल.’ तुम्ही येताना निळी गाडी गेली ना समोरून? तीच. पहाटे उठून रोंट्टोनेन भाजले तिने, बटाटा नि आंबट लिंगनबेरी भरलेल्या छोट्या रोट्या, हेम्मोला लहानपणापासून आवडतात. त्याच्याकडे गेलीय, फेरीबोटीने पलीकडच्या काठाला. माफी मागायला.

—तो वरचा स्क्रू फिरवू नका! सोडा. हात काढा. हेम्मोच्या मापाला लावलाय तो. अर्धा आटा सैल केला की माझं माप होतं. अर्धाच. हाताला कळतसुद्धा नाही.

काय बघताय असे? बरं, रचलेला भाग सांगून टाकतो, एकच आहे. सँडविच नव्हे हो, ते तुम्हीही ओळखलंत. झाकणं. झाकणं कोणी बदललीच नव्हती. निळ्याखाली हेम्मोचीच काडतुसं होती, इथे, या खुर्चीवर बसून मीच भरलेली — अर्धा आटा सैल करून. एक दिवस त्याच्यावर हसावं लोकांनी, एवढंच हवं होतं मला. एक दिवस.

किती वाजले? फेरीबोट सुटायला अजून अर्धा तास आहे ना? म्हणजे ती अजून अलीकडच्याच काठावर असेल, तो रोंट्टोनेनचा डबा मांडीवर घेऊन — नाही, नाही, पैसे ठेवा खिशात. विकायचं नाही. द्यायचंही नाही. तुमची गाडी काढा. कप राहू द्या हो तिथेच, आधी गाडी काढा!