तारेवर कुणी ढकलत नाही

...ढकलत नाहीत हो! ढकलत नाहीत म्हणजे नाहीतच! मी वर मचाणावर, पट्ट्यांनी आवळून बांधलेली, पाय अधांतरी, खाली अख्खं तळं पसरलेलं, डोक्यावरून तार गेलेली ती थेट पलीकडच्या काठापर्यंत, तिला लटकून घसरत जायचं, आणि मी म्हणतेय, जोडीन, बाई, दे ना गं एक धक्का, मोठा नको, नुसतं बोट लाव... आणि ती जोडीन, तारेवरची मदतनीस, गळ्यात शिट्टी, खांद्यावर दोराचं भेंडोळं, इतकी शांत, इतकी शांत की चिडच यावी, मला म्हणते, "आर्लिस, धक्का आम्ही देत नाही. दोरी तुझ्या उजव्या हाताशी आहे. वाटेल तेव्हा ओढ. नाही वाटलं तर नको ओढूस." आता बोला!

नाही, हसू नका! तुम्हाला सांगते, मी जन्मापासून चाकाच्या खुर्चीत. पाय आहेत, पण नावाला. आणि खुर्चीला मागं दोन मुठी असतात ना, त्या दिसल्या रे दिसल्या की आमच्या मिनेसोटातल्या प्रत्येक भल्या माणसाचे हात शिवशिवायला लागतात! दुकानात मी आपली कॉफीचे डबे बघत असते, की आलंच कुणीतरी मागून, "थांबा हं, मी नेते," आणि नेऊन सोडलं मांजराच्या खाण्यापाशी! मांजर नाहीये हो माझ्याकडं! गेल्या वर्षी जत्रेत एका सद्गृहस्थानं मला विचारलं ना सवरलं, थेट डुकरांच्या गोठ्यात नेऊन सोडलं. का? तर म्हणे, "तुम्ही तिकडं बघत होतात." अहो, मी वास कुठून येतोय ते बघत होते! म्हणजे उभ्या जन्मात मला ढकलायला माणसं कमी पडली नाहीत. आणि ज्या दिवशी मी स्वतःच्या तोंडानं म्हणते, ढकला मला, देवासाठी ढकला... त्या दिवशी ढकलत नाहीत!

कारण काय, तर कॅम्पचा नियम. आमचा हा तळ्याकाठचा उन्हाळी कॅम्प, इथं सगळी आमचीच जमात. कुणी खुर्चीत, कुणी कुबड्यांवर, कुणाला दिसत नाही, कुणाला बोलता येत नाही. आणि मजा विचाराल तर विचारूच नका! फुगलेल्या जाड चाकांच्या खुर्च्या आहेत, त्या रेतीतून सरळ पाण्यात जातात, बसल्या बसल्या गळ्यापर्यंत पाणी! होड्यांना उंच पाठीच्या बैठकी. बाण मारायचं निशाण टीं टीं वाजतं, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांनी आवाजावर मारायचं. माझ्या खोलीतली ग्लेनिस, जन्मांध, ती दर वर्षी पहिली येते आणि मग जेवताना आम्हां डोळसांना विचारते, "काय गं, ऊन डोळ्यांवर आलं होतं का तुमच्या?" अशी आगाऊ! आणि या सगळ्यावर नियम एकच. विचारल्याशिवाय कुणी कुणाला हात लावायचा नाही, आणि तारेवर तर विचारूनही ढकलायचं नाही. जाणाऱ्यानं आपण जायचं. माझ्या आधी ऑर्विल गेला. त्याचे हात चालत नाहीत, वाचा नाही, डोळ्यांनी पाटीवरची अक्षरं दाखवतो. त्यालासुद्धा जोडीननं विचारलं, आणि तो "जा"वर डोळे रोखेपर्यंत सगळे उभे! रोखले, तेव्हाच जोडीननं त्याची दोरी ओढली, गेला की तो सूं करून! आणि माझे हात? चाकं फिरवून फिरवून पैलवानाचे झालेत मेले. सबब सांगायलासुद्धा जागा नाही.

तुम्ही म्हणाल, मग बाई, चढलीस कशाला? आता ते ऐका. माझी थोरली बहीण वर्ला. फार्गोला असते, नवरा हार्लन वारल्यापासून एकटीच. जीव लावते हो, नाही असं नाही, पण जीव लावते म्हणजे माझ्या ताटातलं मांस तीच कापणार, माझ्या कोटाची बटणं तीच लावणार, डॉक्टरनं मला विचारलं की "कसं वाटतंय?" तर हीच सांगणार, "तिला बरं वाटतंय!" या मार्चमध्ये मी न्हाणीघरात पडले. पडले म्हणजे पडले, लोक पडतात, शेजारीण आली, उठवलं, संपलं. पण वर्लानं ठरवूनच टाकलं. "बस झालं एकटीनं राहणं. माझ्याकडं मागची खोली आहे. गुलाबी रंग दिलाय." गुलाबी! मला? चाळीस वर्षं मी काउंटीच्या बर्फ काढणाऱ्या गाड्या रेडिओवरून हाकल्यात! हिमवादळात, जिथं ड्रायव्हरला स्वतःचा हात दिसत नाही, तिथं माझ्या आवाजावर निघायच्या गाड्या! आणि मी जाऊन गुलाबी खोलीत बसू?

डोकं फिरलं माझं. फोनवर म्हटलं, वर्ला, कॅम्पच्या शेवटच्या दिवशी तू मला न्यायला येतेस ना, ये. त्या तारेवरून मी एकटी येऊन दाखवते. आले, तर त्या खोलीचं नाव काढायचं नाही. नाही आले, तर सामान बांधते आणि मुकाट्यानं फार्गोला येते. आता हे बोलताना मी तार कधी नीट बघितली होती का? नाही! दर वर्षी येते, पण तिकडं कधी फिरकले नव्हते. जीभ म्हणजे काय, हाड थोडंच असतं तिला!

तर मी वर. लाकडी उतारावरून खुर्ची वरपर्यंत आणली स्वतः, पट्टे घातले, टोपी घातली, जोडीननं म्हटलं, "तयार आहेस?" मी म्हटलं, तयार! आणि हात... हात हलेना हो! दोरी धरलीय, पकड घट्ट, पण ओढायचं म्हटलं की कोपर म्हणतं, माझा काही संबंध नाही. ग्लेनिस मागं रांगेत. म्हणते, "आर्लिस, वरून देखावा फार सुंदर आहे म्हणे. मी सहा वेळा जाऊन आले, काही दिसलं नाही. तू सांग की कसा आहे!" मी दात-ओठ खात हळूच म्हटलं, ग्लेनिस, ऐक माझं. दोन पावलं पुढं ये आणि मला चुकून धक्का लागल्यासारखं कर. तू आंधळी, तुला कोण बोलणार? तर ती सटवी मोठ्यांदा म्हणते कशी, "मला दिसत नाही गं बाई, पण नियम पाठ आहेत!" म्हणजे मैत्रीण म्हणवते आणि ढकलत नाही!

आणि तेवढ्यात खालून आवाज. वर्ला! काठावर उभी, पर्स छातीशी धरून, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं ओरडतेय, "खाली घ्या तिला! घाबरलीय ती! मी बहीण आहे तिची, मला कळतं तिला काय हवंय ते!" झालं! मला वाटलं, आता घेतात खाली. खरं सांगू? आत कुठंतरी बरंच वाटलं. गुलाबी तर गुलाबी, जमिनीवर तर असेन! पण जोडीन खाली बघेचना. ती माझ्यासमोर वाकली आणि म्हणाली, "आर्लिस, खाली जायचं असलं तरी ते तूच सांगायचंस. त्यांनी नाही, मीही नाही." म्हणजे पुढंही ढकलत नाहीत आणि मागंही ओढत नाहीत! अहो, रडू आलं मला. इतकी वर्षं म्हणत आले, मला विचारा, मला विचारा, आणि विचारलं तर मीच दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघतेय!

आणि मग काय झालं मला माहीत नाही. समोर सगळं पांढरं दिसायला लागलं, ऊन होतं की काय होतं, आणि माझ्या तोंडून तो जुना आवाज निघाला, रेडिओवरचा, खणखणीत. "सतरा नंबर! रस्ता मोकळा आहे. निघा!"

आणि निघाली हो सतरा नंबर! ओढली दोरी! पोटातलं सगळं मचाणावरच राहिलं आणि बाकीची मी सुटले, असा वारा, असा वारा, झाडं मागं, पाणी खाली, चष्मा उडाला, डावा बूट तळ्यात गेला, जाऊ दे, त्या पायाला कुठं थंडी वाजते! मी ओरडत होते, हसत होते, एक शिवीही दिली वाटतं, आमच्या चर्चमधली एक बाई पलीकडच्या काठावर होती, ऐकली असेल तर ऐकू दे! खुर्ची नाही, मुठी नाहीत, मागं कुणी म्हणजे कुणी नाही! आनंद झाला हो, नुसता आनंद! पलीकडं पोचले तेव्हा तिथल्या लोकांनी विचारलं, "उतरवू का?" मी म्हटलं, थांबा जरा, लटकू द्या!

मग आली वर्ला धावत, तळ्याला वळसा घालून, लाल झालेली, डोळ्यांतनं पाणी. मागोमाग जोडीन माझी खुर्ची घेऊन, तिच्या दंडाला धरून ग्लेनिस. मी खुर्चीत बसले आणि छाती काढून म्हटलं, बोल आता! ती म्हणाली, "जिंकलीस बाई. खोलीचं नाव काढणार नाही." आणि गवतात बसली. ही वर्ला, इस्त्रीच्या पँटसकट, ओल्या गवतात! आणि म्हणते, "हार्लन गेल्यापासून घरात कुणी भांडायलासुद्धा नाही गं. मला वाटलं होतं, तू आलीस तर..." आणि मान वर करून, अगदी बारीक आवाजात, "आर्लिस, मीच येऊ का तुझ्याकडं राहायला? तुला चालेल का?"

विचारलं हो! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वर्लानं मला काही विचारलं! मी जोडीनकडं बघितलं. ती झाडाकडं बघतेय. ग्लेनिसकडं बघितलं. ती मेली बुटाची नाडी चाचपतेय. एकीच्या तोंडातून माझ्या वतीनं "नाही" निघेल तर शपथ!

म्हटलं, ये.

दोनच खोल्या आहेत हो माझ्या. दोन्ही एकटीला राहाव्यात म्हणून एवढी उडी घेतली, आणि त्यातली एक, माझी मीच, तळ्याकाठी बसून देऊन टाकली. काल फोन आला होता तिचा. सोफाही आणतेय म्हणाली.