राक्षस सुटतो ती गोष्ट

दवाखान्याच्या बाकावर हात गळ्यात बांधून बसलेल्या मास्तरांना शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"ताई, माझी नवी कादंबरी वाचलीस?"

"वाचली. पुन्हा तेच. हजार वर्षं डोंगरात कोंडलेला राक्षस सुटतो."

"सुटला नाही तर गोष्ट पुढे कशी सरकणार?"

"नको सरकू दे. गावातली माणसं चार घास सुखाने खातात, एवढंच लिही की."

"ते कोण वाचेल?"

"मी वाचेन. झटका येऊन बाबांची वाचा गेल्यापासून आई गाणं गुणगुणते, ऐकलंस?"

"ऐकलं. परवा तिच्या हातून बशी फुटली, तर हसत बसली."

"बघ."

बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाई हसत बाहेर आल्या.

"आनंदाची बातमी आहे. बाबा आज पहिल्यांदा स्पष्ट बोलले."

"काय बोलले?"

"मला 'मूर्ख' म्हणाले. अगदी खणखणीत. आता बाकीचे शब्दही येतील."

"आई कुठेय?"

"आतच, त्यांच्यापाशी. एकदम गप्प झाल्यात. आनंदाने असेल."

थोरली दार ढकलून आत गेली. धाकटी मास्तरांशेजारी तशीच बसून राहिली.