लाल चिंधीचं बी

नाही, नाही, त्या खुर्चीवर नका बसू म्याडम — मोडकी नाही, चांगली हाये, पन नका बसू — इकडं या, कूलरपुढं. अमरावतीवून आल्या नं? या उन्हात! बाप्पा! पानी प्या आधी. नितेशनं फोनवर सांगतलं नसन तुमाले — हे चिखलदऱ्याले गेले, थंड हवेले. डॉक्टर म्हणे, भगवंतराव, जन्मभर उन्हात राहिले, आता जरा सावलीत राहा — तं गेले. कवा येतीन? आता ते मोठे मानूस, कंपनीवाले, घरच्यायले सांगून थोडेच येतात! मले इचारा काय इचाराचं ते. मी जयवंता, त्यायची बायको, मले सारं ठाऊक हाये. इतकं ठाऊक हाये की आमचा नितेश म्हणते, आई, पाहुन्यापुढं तू कमीच बोल.

तं पुस्तक कहाडून राहिल्या तुमी, वऱ्हाडातल्या नामवंत उद्योजकायचं. कोन कोन हाये त्यात? तो दालमिलवाला असन. अन् तो संत्र्याच्या बर्फीवाला — त्याचा फोटू तं पेपरात हप्त्यातून एकदा असतेच. वाचते मी या लोकायच्या गोठी, बरं का. साऱ्या सारख्याच. आधी सायकल असते, मंग एक माय असते, मंग तुटकी चप्पल असते, अन् शेवटी सूटबूट घालून हात बांधून फोटू. हासता काय, खोटं हाये का? आमचीही तशीच हाये. सायकल होती, माय होती. चप्पल मात्र नव्हतीच, म्हून तुटाचा प्रश्न नाही. लिहा — जुन्या शहरात घर, मोर्णा नदीच्या काठी दुसऱ्याचं वावर बटईनं केलेलं, त्यात वांगे. सकाळी तोडाचे अन् बाजारात विकाचे. आम्ही माळी लोकं, आमचं तेच.

तो आवाज? कोनता? तो होय — टर्रकन फाटल्यासारखा. कामवाली असन. जुने लुगडे फाडून राहिली, फरशी पुसाले. तुमी लिहा.

अन् ती माय मंजे माही सासू, गंगूबाई. खरी कंपनी तिची, मी तं म्हणते. तिची एक रीत होती — तिची काय, साऱ्या माळी लोकायची असते, पन तिची लय कडक. वावरात हिंडाची, एकेक झाड निरखून पाह्याची, अन् जे झाड साऱ्यात निरोगी, जे वांगं साऱ्यात देखनं, त्याच्या देठाले लाल चिंधी बांधाची. हे बियाचं. मंग त्याले कोनी हात लावाचा नाही. घरात भाजी नसो, पाहुना दारात असो, लेकरू रडो — चिंधीचं वांगं तोडाचं नाही. अन् चिंधी ज्यानं बांधली त्यानंच सोडाची. दुसऱ्यानं सोडली तं ते बी पेराचंच नाही, असा तिचा कायदा. मी नवी नवरी असताना हौसेनं एक सोडली होती, तं बाई माह्याशी पोळ्यापासून दिवाळीपरेंत बोलली नाही. तिच्या वांग्याचं बी लोकं मागू मागू नेत — तेल्हाऱ्यावून, अकोटवून येत. ती मेली तवा यायनं म्हटलं, मायचं बी लोकायच्या वावरात गेलं पाहिजे. पेपरच्या कागदाच्या पुड्या बांधल्या आम्ही, अन् प्रत्येक पुडीले लाल चिंधी. लोकायले नावच वाचता येत नव्हतं, ते चिंधी पाहून घेत. म्हून मंग कंपनीचं निशानच ते झालं, चिंधी बांधलेलं वांगं. आता गोडाउन हाये एमायडीशीत, प्रयोगशाळा हाये, पांढरे कोट घातलेले पोट्टे हायेत — पन पाकिटावर अजूनही लिहिलेलं असते, भगवंतराव घाटोळ यांच्या हातची निवड. अन् खरंच असते! इतका मोठा मानूस झाला, पन दरसाल कार्तिकात चिंध्यायची झोळी खांद्याले लावून सोता वावरात. मंत्री आले तरी थांबा म्हणत.

हो, कूलरलेही बांधेल हाये. अन् कपाच्या कानाले. पाहून राहिली मी, तुमी कवाच्या पाहून राहिल्या — खुर्चीले, टीवीच्या वायरले, तुळशीले, फाटकाले. फाटकाची तं येतानाच दिसली असन. ते... शुभ असते म्हून. कंपनीचं निशान नं, म्हून घरातही. हौस, दुसरं काय.

नाही पोरी. हौस नाही. तू तं माह्या नातीएवढी, तुह्यापुढं काय खोटं बोलू — अन् मले येतही नाही खोटं, मी काही कंपनी चालवत नाही. चिखलदऱ्याले कोनी गेलं नाही. त्या पडद्यामागं हायेत. तेच फाडून राहिले माहे लुगडे. मागच्या साली सुरू झालं. आधी चष्मा हरवे, मंग रस्ता, मंग मानसं. नितेशले परवा बँकेतला साहेब समजून नमस्कार केला, पोट्टं न्हानीत जाऊन रडलं. सारं गेलं डोस्क्यातून, एक चिंधी तेवढी राहिली. दिवसभर बांधतात. झाडूले, नळाले, गॅसच्या बटनाले. अन् घरात कोनी सोडत नाही. मीच म्हणते, सोडू नका — ज्यानं बांधली त्यानं सोडाची. नितेश म्हणते, आई, लोकायले कळलं तं कंपनी बसन, लोकं यायच्या हातावर इश्वास ठेवून बी नेतात. म्हून चिखलदरा. आता हे नको लिहू.

कार्तिकात? गेले नं कार्तिकात वावरात. काहून इचारलं तुनं ते? झोळी घेऊन गेले, मी मागं होती. आधी मले वाटलं, काय फुर्तीनं चालून राहिला हा मानूस, वावरात आला की सारं आठवते याले. अन् मंग पाह्यलं. पिवळ्या झाडाले बांधली. किडं लागलेल्या वांग्याले बांधली. पार मरतुकडं झाड, त्याले दोन-दोन. चांगल्या झाडापासून असे निघून गेले, जसं दिसलंच नाही. आमची जुनी बाई हाये, शकुन, बी कहाडते ती — ती माह्याजवळ आली, म्हणे, काकू, हे झाड तं रोगट हाये, याचं बी घ्याचं का? अन् मी म्हटलं, चिंधी हाये नं? मंग?

इतकंच म्हटलं. काहून म्हटलं, सांगू? हा हात पाह्य. पदराखाली ठेवला होता मी आतापरेंत. या बांगडीले पाह्य — मळली आता, पन लालच होती. त्याच दिवशी, वावरात पाय टाकाच्या आधी, बांधावर, साऱ्यात पयली चिंधी यायनं मले बांधली. सारा जन्म गेला पोरी, या मानसानं कदी बरं म्हटलं नाही मले. सुगरन म्हटलं नाही, देखनी म्हटलं नाही, सत्काराच्या भाषनात मायचं नाव घेतलं, बैलायचं घेतलं, माहं राहून गेलं. अन् त्या दिवशी माहा हात धरला, मले नीट निरखून पाह्यलं वरून खालून, जसं झाडाले पाह्यतात तसं — अन् बांधली. मले रडू आलं. मंग अर्ध्या घंट्यानं त्या पिवळ्या झाडाले बांधताना पाह्यलं. आता तूच सांग, मी शकुनले कशी म्हणू की हे चुकलं? ते चुकलं, तं माहीही चुकलीच नं?

अन् ते बी आता पाकिटात हाये. प्रयोगशाळेतल्या पोट्ट्यायनं तपासलं, उगवते म्हणे चांगलं. उगवनच, पन आईचा रोग लेकरात यीन नाही का? नितेशले ठाऊक नाही, तो नुसते कागद पाह्यते, वावरात येत नाही. आखाजीले, अक्षयतृतीयेले, गाड्या निघतात दुकानाइकडं. आखाजी कवा हाये — परवाच. लोकं पैसे देऊन नेतीन, चिंधी पाहून, गंगूबाईच्या नावानं. मले झोप नाही येत.

अवो — अवो, तुमी काहून आले बाहेर? या, बसा. पाहुनी हाये, अमरावतीची. पोरी, भिऊ नको, काही करत नाहीत, हात दे फक्त. बांधू दे. झालं. पाह्य, तुलेही बांधली, किती नीट गाठ मारतात अजून. आता काय? माहा हात? माहा कायले पाह्यता, त्याले बांधेल हाये...

काय म्हणता? — कोनं बांधली? ही कोनं बांधली म्हणता? तुमीच बांधली नं. कार्तिकात, बांधावर. नाही? नाही आठवत. बरं. जा, आत जा, लुगडं ठेवलं तिथं दुसरं, हिरवं. जा.

आयकलं नं तुनं.

लिही पोरी. पेन कुठं गेला तुहा? पुस्तकात नाही, पुस्तक दिवाळीले निघन — उद्याच्या पेपरात दे. या सालचं लाल चिंधीचं वांगं पेरू नका, असं लिही. माहं नाव टाक, जयवंताबाई घाटोळ म्हणतात म्हून टाक. नितेशले मी सांगते, बोंबलीन तं बोंबलू दे. शकुनले आताच फोन लावते, गोडाउन उघडू नको म्हणते. अन् आण तो हात इकडं, तुही चिंधी सोडते. हो, मीच सोडते. कूलरचीही सोड जाता जाता, खुर्चीचीही, फाटकाचीही — साऱ्या सोड.

माही?

माही राहू दे. जा तू, गाडी चुकन तुही.